पंडिता रमाबाई : तेल भरलेला दिवा

बारामतीहून आगगाडीने पुण्यास निघालेला उतारू दौंड सोडून पश्चिमेच्या वाटेस लागला की थोड्याच वेळात केडगाव स्टेशन येते. इंदापूरहून सोलापूर रस्त्याने मोटारीत येणाऱ्यास भिगवण, पाटस ही गावे मागे पडल्यावर चौफुल्यापाशी केडगावाकडे जाणारा फाटा लागतो. या दोन तालुक्यांतून आमच्या शाळेत येणारी मुले या वाटांनी कितीदा तरी गेली असतील. परंतु या केडगावी एका थोर स्त्रीने आपल्या आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षे घालविली व तेथेच देह ठेविला, हे त्यांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. त्या पंडिता रमाबाईंचे चरित्र आम्ही यंदा वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यास एक कारण घडले, ते आधी सांगतो.

शास्त्राच्या तासास मत्तयकृत शुभवर्तमानाचे २४ वा व २५ वा हे अध्याय चालू असता वर्गात एक प्रश्न निघाला. युद्धे, भूकंप, महामारी व दुष्काळ ही जर शेवटाची चिन्हे आहेत, तर प्रभूचे येणे आता अगदी जवळ आले काय, व ते कोणत्या वर्षी होईल, असे एका मुलाने विचारले. दुसऱ्याचा प्रश्न त्याहून अवघड होता. शेवट जर जवळच आला असेल, तर परीक्षेचा अभ्यास तरी कशासाठी करावयाचा, असे तो म्हणाला. वर्गात हशा पिकला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच अध्यायात आहे. तो दिवस व ती घटका कोणासही ठाऊक नाही, देवदूतांसही नाही, केवळ पित्यासच ठाऊक आहे, असे प्रभूने शिष्यांस स्वच्छ सांगितले. इतके असूनही हिशेब मांडणारे लोक प्रत्येक युगात निघाले. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की धरला. कित्येकांनी शेतातील पीक तसेच उभे ठेविले. तो दिवस आला आणि गेला, व हजारो भाविकांच्या पदरी घोर निराशा पडली. त्याच्याही फार पूर्वी थेस्सलनीका येथील मंडळीत काही लोक प्रभूचा दिवस आला असे मानून कामधंदा सोडून बसले होते, व पौलास त्यांची कानउघाडणी करावी लागली होती. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याचा दुसरा प्रश्न नवा नव्हे. तो पहिल्या शतकापासून चालत आला आहे.

त्याचे उत्तर २५ व्या अध्यायातील तीन चित्रांत आहे. पहिले चित्र दहा कुमारींचे. वराची वाट दहाही जणी पाहत होत्या, झोपही दहाही जणींस लागली. परंतु पाच जणींपाशी दिव्यात घालावयास जास्तीचे तेल होते व पाच जणींपाशी नव्हते. दुसरे चित्र धन्याने सोपविलेल्या द्रव्याचे. ज्यांनी त्याचा व्यापार करून ते वाढविले ते शाबासकीस पात्र झाले, आणि ज्याने भयाने ते मातीत पुरले त्याची निर्भर्त्सना झाली. तिसरे चित्र न्यायाच्या दिवसाचे. भुकेल्यास अन्न, तान्हेल्यास पाणी, परक्यास आसरा व उघड्यास वस्त्र ज्यांनी दिले, त्यांनी ते सर्व नकळत राजालाच दिले होते.

आमच्या कालव्याच्या मुलखातील मुलांस पहिले चित्र समजावून सांगणे कठीण नाही. पाण्याची पाळी येणार हे शेतकऱ्यास ठाऊक असते. पण पाणी आपल्या चारीस पहाटे लागेल की मध्यरात्री, हे पुष्कळदा ठाऊक नसते. ज्याने सारे पाडून, पाट साफ करून, कंदील व फावडे उशाशी ठेविले आहे, तो हाक येताच उठून दारे धरतो. ज्याने काही केले नाही, त्यास हाक ऐकू आली तरी उपयोग काय? पाट नीट करीपर्यंत पाणी पुढच्या रानात गेलेले असते. आता या तिन्ही चित्रांचा अर्थ एका आयुष्यात कसा उतरला ते पाहू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. हे स्थान आजच्या कर्नाटक राज्यात आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान व निष्ठावान ब्राह्मण होते. स्त्रियांस संस्कृत शिकविणे निषिद्ध मानले जात असतानाही त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ते शिकविले, व त्याबद्दल स्वजातीयांचा रोष पत्करला. पुढे मातेने तीच विद्या कन्येस दिली. रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रेत गेले. हे कुटुंब देवळांतून पुराण सांगत गावोगाव हिंडत असे, व जे मिळे त्यातील पुष्कळसे दानधर्मात खर्च करीत असे.

१८७६-७७ चा दुष्काळ दक्षिणेत सर्वत्र भयंकर होता. बारामती व इंदापूर हे भाग तेव्हा होरपळून निघाले, आणि त्या आपत्तीच्या अनुभवातूनच नीरेच्या डाव्या कालव्याच्या कामास गती मिळून १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी या बाजूस खेळू लागले. डोंगरे कुटुंबास त्या दुष्काळाने मद्रास इलाख्यात गाठले. होते नव्हते ते संपले. कोणापुढे हात पसरावयाचा नाही, अंगमेहनतीची सवय नाही, अशा स्थितीत त्यांनी अरण्यात जाऊन उपवासाने देह ठेवावा असा विचार केला. तिरुपतीच्या रानात ते कित्येक दिवस पाला व रानफळे खाऊन राहिले. वृद्ध पित्याने तीर्थात देह विसर्जन करण्याचा निश्चय केला होता; पण पुत्र श्रीनिवासाने कुळाचा अभिमान सोडून मजुरी करण्याची तयारी दाखविली, तेव्हा त्यांनी तो बेत टाकला. तथापि शरीर खचलेलेच होते. १८७७ मध्ये प्रथम पिता, नंतर माता व त्यामागून वडील बहीण, अशी तिघे थोड्याच महिन्यांत गेली. आई मरणपंथास लागली असता तिच्यासाठी शेजारच्या घरी भाकरीचा तुकडा मागावयास रमाबाईंस जावे लागले, व दारात उभे राहूनही लाजेने त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. ही आठवण त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेविली आहे.

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबावे. ही माणसे अधार्मिक नव्हती. मरणास सिद्ध होणे म्हणजे काय याचा विचार त्यांच्याइतका थोड्यांनीच केला असेल. परंतु भुकेल्या माणसास मरावयास सिद्ध करण्याआधी जगावयास हात देणारे कोणी असावे लागते, हा धडा रमाबाईंस वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मिळाला, व तो त्या कधी विसरल्या नाहीत.

त्यानंतर भाऊबहिणींनी हिंदुस्थानभर पायी प्रवास केला. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी त्यांचा विवाह झाला. तो जातिबंधन मोडून झालेला विवाह होता. १८८१ मध्ये मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीच्या विकाराने पती निवर्तले. चोविसाव्या वर्षी, तान्ही मुलगी कडेवर घेतलेली ही विधवा त्याच साली पुण्यास आली. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, व हंटर कमिशनापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर यांची निकड मांडली.

१८८३ मध्ये त्या विलायतेस गेल्या. तेथे वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहत असता, पतित म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा त्या भगिनी कोणत्या प्रेमाने करितात हे त्यांनी पाहिले. अशी करुणा कोठून उत्पन्न होते याचा शोध घेता घेता त्या ख्रिस्ताच्या चरित्रापाशी आल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकामुळे तेथे सहानुभूतीची लाट उठली. बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन झाले व त्याने दहा वर्षे मदत करण्याचे अभिवचन दिले.

स्वदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले, व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. सदनातील काही मुली बाईंच्या प्रार्थनेस बसत. शाळेत धर्माचा आग्रह नसावा असे ठरले असता हे कसे, असा आक्षेप निघाला. बाईंचे म्हणणे, आपण कोणावर जबरदस्ती केली नाही आणि आपल्या खोलीचे दार प्रार्थनेच्या वेळी बंदही केले नाही. न्यायमूर्ती रानडे व डॉक्टर भांडारकर यांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाजूस झाले, आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही पक्षांस आपले म्हणणे प्रामाणिकपणे खरे वाटत होते; परंतु हा प्रसंग बाईंस किती जड गेला असेल, याची कल्पना कोणासही करता येईल.

आता पाहा, तेल कसे साठविले जाते. अमेरिकेची मदत दहा वर्षांची होती. ती १८९८ मध्ये संपावयाची. ती संपेपर्यंत बाई स्वस्थ बसल्या नाहीत. केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेऊन त्यांनी तीत फळझाडे लावली, विहिरी खणविल्या, व संस्था पुढे आपल्या पायांवर उभी राहावी अशी तजवीज केली. अमुक संकट येणार म्हणून ही तयारी नव्हती. परंतु १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी आली, तेव्हा ही जमीनच उपयोगी पडली. त्या बातमीने बाईंस १८७७ सालची आठवण झाली. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या, व उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या, दुष्टांच्या हाती सापडण्याच्या बेतात असलेल्या सुमारे ३०० विधवा व मुली त्यांनी आणविल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग पसरल्यामुळे इतक्या मुलींस शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा त्या केडगावच्या माळावर तंबू व झोपड्या उभारून राहिल्या. २४ सप्टेंबर १८९८ रोजी मुक्तिसदनाचे समर्पण झाले. १९०० च्या दुष्काळात गुजरात व राजपुताना येथून आणखी शेकडो मुली आल्या, आणि केडगावी राहणाऱ्यांची संख्या १,९०० च्या आसपास गेली.

इतक्या जिवांस नुसते खाऊ घालून भागत नाही. मुक्तीत शाळा होती, विणकामाचे माग होते, दूधदुभते होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. अंध मुलींसाठी बार्तीमी सदन, पतित स्त्रियांसाठी कृपासदन व वृद्ध स्त्रियांसाठी प्रीतिसदन अशा शाखा होत्या. कालपर्यंत ओटीत भीक घेणाऱ्या मुली तेथे खिळे जुळवू लागल्या, कापड विणू लागल्या, लहानग्यांस शिकवू लागल्या. प्रत्येकीस देवाने काही ना काही द्रव्य सोपविले आहे, ते मातीत पुरलेले राहू नये, हीच त्या शिक्षणामागची दृष्टी होती.

१९०५ च्या आरंभी बाईंनी मुलींस रोज एकत्र प्रार्थना करण्यास सांगितले. प्रथम ७० मुली पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या सुमारे ५५० झाली. जूनच्या अखेरीस मुक्तीत जे धर्मजागरण झाले त्याची वार्ता देशोदेशी गेली. मुली आपली पापे आठवून रडत, उच्च स्वराने प्रार्थना करीत. हा गोंगाट आहे, भावनेचा आवेश आहे, अशी टीका झाली. अशा प्रसंगी मानवी दुर्बलताही मिसळते, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रभू लवकर येणार आहे ही भावना त्या वेळी अनेकांच्या मनात प्रबळ होती. परंतु वराची चाहूल लागली म्हणून मुक्तीतील चुली विझल्या नाहीत, घाणा थांबला नाही, शाळा सुटली नाही. मुलींच्या टोळ्या आसपासच्या भीमथडीच्या खेड्यांत शुभवार्ता सांगावयास जात, व परत येऊन आपापल्या कामास लागत. जागरण खरे की खोटे याची कसोटी आमच्या मते हीच आहे.

याच सुमारास बाईंनी शेवटचे व सर्वांत मोठे काम हाती घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीस वाचता व समजता येईल अशा सोप्या मराठीत सर्व पवित्र शास्त्राचे भाषांतर करावयाचे, असा त्यांचा संकल्प होता. त्यासाठी उतारवयात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. आयुष्यभराची संस्कृत विद्या अंगी असूनही, पांडित्य दाखविणारा शब्द टाळून साधा शब्द शोधण्यात त्यांनी वर्षांमागून वर्षे घालविली. मुक्तीच्याच छापखान्यात मुक्तीच्याच स्त्रिया ते छापीत. मातेने दिलेले विद्याधन अशा रीतीने व्याजासह परत केले गेले.

मात्र या तयारीवर एक घाव असा पडला की तो वाचताना आजही मन थबकते. मनोरमाबाई उच्च शिक्षण घेऊन मातेच्या कामात आल्या होत्या. आपल्या मागे संस्था त्यांनीच चालवावी अशी सर्वांची अपेक्षा होती. २४ जुलै १९२१ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्या वारल्या. बाई तेव्हा ६३ वर्षांच्या होत्या, त्यांस ऐकू कमी येत असे, व प्रकृतीही ढासळली होती. आई, बाप, बहीण, भाऊ, पती व आता एकुलती एक कन्या! इतक्या काळजीने घडविलेला वारसच गेला, तर मग पुढची तजवीज करण्यात अर्थ काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात उभा राहील. बाईंनी त्याचे उत्तर शब्दांनी दिल्याचे आम्हांस माहीत नाही. त्या पुन्हा मुद्रितांचे कागद घेऊन बसल्या, इतके मात्र माहीत आहे.

१९२२ च्या वसंतात भाषांतराची अखेरची मुद्रिते तपासावयाची राहिली होती. अंगात ज्वर होता. हे काम पुरे होण्याइतके, म्हणजे दहा दिवसांचे आयुष्य त्यांनी देवाजवळ मागितले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मुद्रिते तपासून झाली, आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे निद्रेतच त्यांचा प्राण गेला. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये छापून बाहेर पडला. तो त्यांस डोळ्यांनी पाहावयास मिळाला नाही. परंतु त्यांच्या वाट्याचे काम शिल्लक राहिले नव्हते. पंडिता रमाबाई मुक्ती मिशन आजही केडगावी निराधार स्त्रिया व मुले यांचा सांभाळ करीत आहे.

२४ व्या अध्यायाच्या शेवटी एका विश्वासू कारभाऱ्याची गोष्ट आहे. धनी कोणत्या घटकेस परतेल हे त्यास ठाऊक नसते. आणि धनी येतो तेव्हा तो दारात डोळे लावून उभा असलेला सापडत नाही, तर घरच्या माणसांस वेळेवर अन्न वाढीत असलेला सापडतो. प्रभू त्यास धन्य म्हणतो. रमाबाईंकडे हाक आली तेव्हा त्या अशाच सापडल्या.

आता आमच्या त्या विद्यार्थ्यास उत्तर देऊ. शेवट जवळ असेल, दूर असेल. जगाचा शेवट आपल्या हयातीत येवो वा न येवो, आपला स्वतःचा शेवट येणार हे तर निश्चित आहे, व तोही सांगून येत नाही. म्हणूनच अभ्यास करावयाचा. आज जो धडा नेमला आहे तो आज पुरा करणे, ज्याच्याशी भांडण झाले त्याच्याशी आजच समेट करणे, चोरून ठेविलेली वस्तू आजच परत करणे, शेजारच्या बाकावरील उपाशी मुलास आपल्या डब्यातील अर्धी भाकरी देणे, आणि रात्री निजण्यापूर्वी देवापुढे मन मोकळे करणे, हेच दिव्यात तेल घालणे होय. ते एका रात्रीत घालता येत नाही, आणि उसनेही मिळत नाही.

पुढील सुटीत घरी जाताना केडगाव स्टेशन आले म्हणजे खिडकीतून बाहेर पाहावे, व या माऊलीची आठवण करावी. वराची हाक आपणांपैकी प्रत्येकास दिवा पाजळलेला असताना ऐकू येवो, हीच आमची प्रार्थना.